किती टन, हा प्रश्नच चुकीचा आहे

शिडाच्या बोटीसाठी दोर घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती टनाला तुटतो?" दुकानदार वेष्टनावरचा आकडा दाखवतो. शॅकल, म्हणजे दोर अडकवायची पिनेची कडी, घेताना तेच, कप्पी घेताना तेच. मोठा आकडा दिसला की मन निश्चिंत होतं. स्वतःच्या बोटीने लांबच्या सफरीला जाऊ पाहणाऱ्यांना जाणती मंडळी जो सल्ला देतात, तोही याच आकड्याभोवती फिरतो. शर्यतवाल्यांचं महागडं सामान त्यांनाच लखलाभ असो. तुम्ही तारेचा दोर लावा, जाडजूड स्टेनलेसचं शॅकल लावा, आकडा मोठा बघा आणि मग दहा वर्षं डोलकाठीच्या टोकाकडे बघायची गरज नाही. हा सल्ला अनुभवी माणसांच्या तोंडून येतो, त्यामुळे नवखा माणूस तो मुकाट्याने मानतो. माझ्या मते तो मुळातूनच चुकलेला आहे, आणि ज्यांना किनारा सोडून आठवडेच्या आठवडे समुद्रावर राहायचं आहे त्यांच्यासाठी तर धोक्याचा आहे.

मी उदगीरचा. हे आधीच सांगतो, कारण या वादात पहिला वार तिथेच होतो. ज्या लातूर जिल्ह्याला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाने शिडांच्या गोष्टी सांगाव्यात का, असं मला तोंडावर विचारलेलं आहे. त्याला माझं उत्तर आहे विंचुर्णी. भारतीय माणसाने शिडाच्या बोटीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना ज्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या त्या कोरडवाहू गावात राहत होते. त्यांच्या आग्रहातून 'सागर परिक्रमा' ही मोहीम उभी राहिली. गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये 'म्हादेई' ही बोट बांधली गेली, आणि तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे एकट्याने 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघून 19 मे 2010 ला परतले. समुद्र किनाऱ्यावरच्या माणसांच्या मालकीचा नाही. दोर आणि कप्पी यांचं शास्त्र तर नाहीच नाही.

उलट मी म्हणेन की या एका बाबतीत आमच्याकडच्या जुन्या शेतकऱ्याची नजर अधिक बरोबर होती. मोटेचा नाडा कुठे झिजतो हे त्याला ठाऊक होतं. विहिरीच्या तोंडावरच्या चाकावर जिथे नाडा वळतो, तिथेच त्याचे पीळ उसवतात. मधला सगळा नाडा धडधाकट असतो. म्हणून सकाळी बैल जुंपण्याआधी तो नाड्याचा तेवढाच भाग हातात घेऊन चाचपायचा आणि चाक कुरकुरत असेल तर आधी कण्याला तेल घालायचा. नाडा किती वजनाला तुटतो हे त्याने कधी कुणाला विचारलं नसेल. बोटीवर जाणाऱ्या माणसाने नेमकी हीच सवय टाकून दिली आणि आकड्यावर विसंबला, हे माझं म्हणणं आहे.

आता बोटीकडे येऊ. हॅलियर्ड म्हणजे शीड वर चढवणारा दोर. तो शिडाच्या माथ्याला जोडलेला असतो, डोलकाठीच्या टोकाशी बसवलेल्या चाकावरून पूर्ण उलटा वळतो, डोलकाठीच्या पोटातून खाली येतो आणि क्लच नावाच्या खटक्यात किंवा विंचच्या रहाटावर पकडला जातो. समजा, शिडाची पुढची कड ताठ राहायला 400 किलोचा ताण हवा. दोरात ताण 400 किलोचाच. पण डोलकाठीच्या टोकाशी एका बाजूने शीड 400 किलोने खाली ओढतं आणि दुसऱ्या बाजूने दोरही तेवढ्याच जोराने खाली ओढतो. चाकाच्या कण्यावर येतात 800 किलो. डोलकाठीला वरून खाली दाबणारा भारही तेवढाच. तोच दोर खाली येऊन डेकवरच्या कप्पीतून काटकोनात कॉकपिटकडे वळवला असेल, तर त्या कप्पीवर 400 च्या सुमारे 1.4 पट, म्हणजे 565 किलोचा भार येतो, आणि तो तिरका, बोल्ट डेकमधून उपटू पाहणारा. 10 मिलिमीटरचा चांगला पॉलिएस्टरचा विणलेला दोर दोन टनांच्या आसपास तुटतो. म्हणजे या हिशेबात दोराकडे पाचपट शिल्लक आहे. कण्याकडे किती आहे? डेकच्या खाली त्या बोल्टला पुरेशी मोठी पट्टी लावली आहे का? हे कुणी विचारत नाही, कारण त्यांच्या वेष्टनावर आकडा छापलेला नसतो. दोन टनांच्या जागी चार टनांचा दोर आणला तर दोर तुटायचा तो कणा वाकेल किंवा बोल्ट उपटेल. बोट रतीभरही सुरक्षित झाली नाही; फक्त मोडतोडीची जागा बदलली, आणि बहुधा ती अधिक अवघड जागी गेली.

पाचपट शिल्लक असूनही हॅलियर्ड तुटतात, ही खरी गोष्ट आहे. मग ते तुटतात कशाने? घासण्याने. बोट प्रत्येक लाटेवर डोलते, शीड किंचित वरखाली होतं, आणि दोराचा तोच बोटभर भाग त्याच चाकावर काही मिलिमीटर पुढेमागे सरकतो. दिवसरात्र. मिनिटाला दहा लाटा धरल्या तरी एका दिवसात चौदा हजारांहून अधिक वेळा. वळणावर बाहेरच्या बाजूचे धागे ताणलेले, आतल्या बाजूचे सैल, आणि दोहोंमध्ये मीठ.

इथेच 'सफरीच्या बोटीला काहीही चालतं, काटेकोरपणा शर्यतवाल्यांसाठी' हे म्हणणं कोसळतं. शर्यतीची बोट दुपारी किनाऱ्याला येते. तिची शिडं दिवसातून अनेकदा चढतात-उतरतात, त्यामुळे दोराची वळणाची जागा आपोआप बदलत राहते, आणि संध्याकाळी कुणीतरी दोर बघतं. सफरीची बोट एकदा व्यापारी वाऱ्यात शिरली की पंधरा-वीस दिवस शिडाला हात लागत नाही. दोराचा तोच भाग त्याच चाकावर तेवढे दिवस करवतीखाली ठेवल्यासारखा राहतो. काटेकोरपणाची गरज कुणाला जास्त, याचा निवाडा मला यापलीकडे करावासा वाटत नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह दोराचा नसून चाकाचा आहे. डोलकाठीच्या टोकाचं चाक मोकळं फिरतं का? त्याचा व्यास किती? त्याची खाच कुठल्या आकाराची? तंतूंच्या दोराला चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान आठपट हवा, म्हणजे 10 मिलिमीटरच्या दोराला 80 मिलिमीटरचं चाक. चाक कशाचं आहे हेही बघावं लागतं. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. घट्ट बसवलेलं नायलॉनचं चाक आपल्या कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात कण्यावर आवळून बसतं. अ‍ॅसिटल प्लास्टिकचं चाक त्या मानाने पाणी जवळजवळ घेतच नाही. आवळलेलं चाक म्हणजे चाक नव्हेच, ती एक ठोकळ्याची धार झाली, आणि तिच्यावरून कुठलाही दोर, कितीही टनांचा, घासतच जाणार. एका अडलेल्या चाकाने जेवढे दोर खाल्ले असतील तेवढे वाऱ्याने तोडले नसतील.

तारेच्या दोराचे समर्थक इथे म्हणतील की तार घासत नाही. घासते, आणि वाईट घासते. तारेला वळण सोसत नाही. हॅलियर्डला वापरतात त्या लवचीक, बारीक तंतूंच्या तारेलाही तिच्या जाडीच्या सोळा ते वीसपट व्यासाचं चाक हवं असतं, आणि सफरीच्या कित्येक बोटींच्या डोलकाठीत तेवढी जागाच नसते. छोट्या चाकावर तारेचे बारीक तंतू एकेक करून तुटतात आणि काट्यांसारखे बाहेर येतात. शीड उतरवताना तळहात फाडणारे ते हेच. ते शिडालाही ओरबाडतात. खाली हातात धरायला तारेला पुढे दोर जोडावा लागतो. तो जोड नीट करणारे हात आता दुर्मीळ झालेत, आणि तो जोडच त्या साखळीतला सगळ्यात लवकर हार मानणारा भाग असतो. शिवाय स्टेनलेस तार अ‍ॅल्युमिनियमच्या डोलकाठीतून बाहेर पडते त्या खिडकीच्या कडा कानशीसारख्या खाते. तिचा एक गुण मात्र खरा होता. ती ताणत नाही. पन्नास वर्षांपूर्वी तेवढ्यासाठी तिचे सगळे दोष पत्करावे लागत, कारण दुसरा न ताणणारा दोर सहज मिळत नव्हता. आज मिळतो. जुनी मंडळी त्या काळात बरोबर होती; आज तोच सल्ला देताना ती चुकतात.

आणखी एक. तार काढून तंतूंचा दोर लावायचा ठरवलं, तर जुनं चाक तसंच ठेवून चालत नाही. तारेसाठी चाकाला अरुंद खाच असते आणि वर्षानुवर्षांच्या तारेने तिच्या कडा धारदार केलेल्या असतात. नवा दोर त्या खाचेत बसत नाही, कडेवर चढतो आणि पहिल्याच हंगामात त्याचं वरचं आवरण फाटतं. मग मालक म्हणतो, नवे दोर टिकत नाहीत, तारच बरी. दोष दोराचा नव्हता. चाक बदलायला डोलकाठीवर चढावं लागतं किंवा डोलकाठी उतरवावी लागते, म्हणून ते काम टाळलं गेलं.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. हे आकड्याचेच भक्त, पण नव्या पद्धतीचे. डायनीमा या नव्या कृत्रिम धाग्याचा गाभा असलेला दोर त्याच जाडीच्या पॉलिएस्टरपेक्षा दुपटीने आणि कधी त्याहूनही जास्त ताकदीचा असतो, हे खरं. मग हे लोक काय करतात? ताकद तेवढीच ठेवून जाडी कमी करतात. 10 च्या जागी 6 मिलिमीटर. वजन वाचलं, पैसे थोडे वाचले, आकडा तोच राहिला. आणि मग तीन गोष्टी घडतात. क्लचचे दात 10 मिलिमीटरसाठी बनवलेले. ते 6 मिलिमीटरचा गुळगुळीत दोर धरून ठेवत नाहीत, शीड इंचाइंचाने खाली येतं. हाताने ओढताना पातळ दोर बोटं कापतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शीड फडफडताना ढिला पडलेला पातळ दोर चाकावरून उडी मारतो आणि चाक व बाजूची भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन रुततो. शीड वरही जात नाही, खालीही येत नाही. वारा वाढतो आहे, शीड लहान करायला हवं आहे, आणि ते 15 मीटर उंचीवर अडकलं आहे. हा प्रसंग दोर तुटण्यापेक्षा वाईट आहे. तुटला असता तर निदान शीड खाली आलं असतं.

डायनीमाचे इतरही स्वभाव आहेत आणि ते समजून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये. तो सुमारे 145-150 अंश सेल्सियसला वितळतो, पॉलिएस्टर 250 च्या वर. त्यामुळे भाराखाली क्लचमधून सर्रकन सोडला तर त्याचा पृष्ठभाग जळतो. तो इतका निसरडा आहे की साध्या गाठी त्यात सरकतात. सतत भार राहिला तर तो हळूहळू कायमचा लांबतो. म्हणून त्याच्यावर पॉलिएस्टरचं आवरण हवंच, आणि चाकावर व क्लचमध्ये येणाऱ्या भागावर आणखी एक आवरण चढवलं तर उत्तम.

तरीही मोठ्या बोटीला मी डायनीमाच सांगतो, आणि त्याचं कारण त्याची ताकद नाही, त्याचं कमी लांबणं आहे. 'म्हादेई' आणि तिची धाकटी बहीण 'तारिणी' यांची डोलकाठी सुमारे 25 मीटरची. साधा विणलेला पॉलिएस्टर दोर कामाच्या भाराखाली दोन-तीन टक्के लांबतो. 25 मीटरला दोन टक्के म्हणजे अर्धा मीटर. वाऱ्याचा झोत आला की दोर लांबतो, शिडाचा माथा खाली सरकतो, शिडाचा फुगवटा मागे जातो, आणि बोट पुढे जाण्याऐवजी आडवी कलते. म्हणजे ज्या क्षणी शीड सपाट हवं, नेमक्या त्याच क्षणी ते फुगतं. कलती बोट म्हणजे सुकाणूवर जास्त जोर, आपोआप चालणाऱ्या सुकाणूवर जास्त झीज, जास्त वीज, आणि दोन माणसांच्या बोटीवर जास्त थकवा. कमी ताणणारा दोर हा शर्यतवाल्यांचा चोचला आहे असं म्हणणाऱ्यांनी हा सगळा हिशेब कधी मांडलेला नसतो. उलट 8-9 मीटरच्या बोटीला, जिची डोलकाठी दहा-अकरा मीटरची आहे, चांगला पॉलिएस्टर पुरतो. तिथे लांबणं वीतभर असतं आणि विंचच्या दोन फेऱ्यांत ते भरून निघतं. अशा मालकाला डायनीमा विकणं हे मला लुबाडणं वाटतं.

पॉलिएस्टरने काय साधतं याचा पुरावा हवा असेल तर एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करायची गोल्डन ग्लोब शर्यत बघा. 1968 च्या काळातल्या साधनांनीच बोट चालवायची, असा तिचा नियम. डायनीमासारखे धागे तिथे चालत नाहीत. तरीही भारताचे अभिलाष टॉमी सप्टेंबर 2022 मध्ये निघाले आणि 29 एप्रिल 2023 ला दुसरे आले, न थांबता, 236 दिवसांत. मूळच्या 1968-69 च्या शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 312 दिवसांनी परतले, ते मुंबईत कुलाब्याला सागवानात बांधलेल्या 'सुहेली'वरून. आणि याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे 2006 मध्ये दिलीप दोंदे त्यांच्या बोटीची तयारी करू लागायला, म्हणजे हे काम हाताने शिकायला, गेले होते. जगप्रदक्षिणेला निघू पाहणाऱ्या नौदल अधिकाऱ्याची सुरुवात दुसऱ्याच्या बोटीवर सामान बसवण्याने झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

नायलॉनबद्दल दोन वाक्यं. आपल्याकडे बाजारात प्रत्येक प्लास्टिकच्या दोरीला नायलॉन म्हणतात आणि ती किलोवर विकतात; त्यात खरं नायलॉन असतं, पॉलिप्रॉपिलिन असतं, काहीही असतं. नायलॉन रबरासारखं लांबतं, म्हणून नांगराला उत्तम आणि हॅलियर्डला निरुपयोगी. पॉलिप्रॉपिलिन उन्हात दोन उन्हाळ्यांत भुगा होतं. जेट्टीजवळच्या दुकानातून स्वस्त मिळाला म्हणून असला दोर वर चढवू नका.

शॅकलकडे येऊ. जाड शॅकल हवं या आग्रहामागेही तोच आकडा आहे. पण शॅकल ओढून तुटलेलं फार क्वचित दिसतं. ते उघडतं. डोलकाठीच्या अखंड थरथराटाने स्क्रूची पिन आट्याआट्याने सुटते आणि एका रात्री शीड खाली, हॅलियर्ड वर टोकाशी. म्हणून पिन पातळ तारेने किंवा मजबूत दोऱ्याने बांधून टाकायची, किंवा अशी पिन घ्यायची जी सुटली तरी शॅकलमधून बाहेर पडत नाही. झटकन उघडणारं स्नॅप शॅकल पुढच्या शिडाला सोयीचं वाटतं, पण शीड फडफडताना त्याची खिट्टी एखाद्या दोरात अडकून उघडू शकते, त्यामुळे लांबच्या सफरीत मी त्यावर विसंबणार नाही. आणि स्टेनलेस म्हणजे न गंजणारं, हा समजही सोडा. स्टेनलेस हवेच्या सान्निध्यात टिकतं. जिथे पाणी साचतं आणि हवा पोचत नाही अशा फटीत ते आतून पोखरतं, बाहेरून चकचकीत दिसत असताना. अ‍ॅल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेसचा स्क्रू कोरडाच घट्ट केला तर खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, पांढरी पूड जमते आणि पाच वर्षांनी तो स्क्रू कुठल्याही पान्याला दाद देत नाही. मध्ये वेगळेपणा राखणारी पेस्ट किंवा पातळ प्लास्टिकची चकती टाकायला पाच मिनिटं लागतात.

आता एक मुद्दा, ज्यावर माझे स्वतःचे सोबतीही माझ्याशी भांडतात. शॅकलला दोर जोडताना गाठ मारावी की टोक परत दोरात विणून घ्यावं? पुस्तकी उत्तर ठरलेलं आहे. गाठीने दोराची ताकद तीस-चाळीस टक्क्यांनी घटते, विणलेल्या फासाने दहा टक्क्यांच्या आसपासच, म्हणून विणा. मी सफरीच्या पॉलिएस्टर हॅलियर्डला गाठच मारतो. ताकदीची कमतरता आपल्याला नव्हतीच, पाचपट होती. गाठीनंतरही तिपटीच्या आसपास उरते. पण गाठ असेल तर दर हंगामात टोकाकडचा वीतभर दोर कापून टाकता येतो आणि चाकावर येणारी जागा नवी होते. म्हणून नवा दोर घेतानाच दोन मीटर जास्त घ्यायचा. एका टोकाकडून बराच कापून झाला की अख्खा दोर उलटा ओवायचा. विणलेला सुंदर फास कापायला जीव धजावत नाही, आणि त्या सौंदर्यापायी झिजलेली जागा झिजतच राहते. ज्याला तुटण्याच्या आकड्याची काळजी आहे तो विणेल. ज्याला घासण्याची काळजी आहे तो गाठ मारेल. डायनीमाला मात्र विणणंच भाग आहे, तिथे गाठ धरत नाही; तिथे दर दोन-चार दिवसांनी दोर चार बोटं सोडून किंवा ओढून वळणाची जागा बदलत राहायची, एवढाच उपाय उरतो. मुख्य शीड तीन पायऱ्यांनी लहान होत असेल तर चाकावर येणाऱ्या जागाही तीन आणि पूर्ण शिडाची चौथी. चारही तपासायच्या.

गुंडाळत्या पुढच्या शिडाचा एक खास धोका आहे. त्याचं हॅलियर्ड डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेला अगदी समांतर गेलं तर गुंडाळताना ते तारेभोवतीच वेटोळं घालतं, आणि माणूस विंच लावून जोर करतो तेव्हा ते तारेलाच पिळून तोडू लागतं. वरच्या स्विव्हलपासून, म्हणजे शिडाच्या माथ्याच्या फिरत्या जोडापासून, दोर आठ-दहा अंशांचा तरी कोन करून मागे जायला हवा. शीड थोडं आखूड असेल तर माथ्याशी तारेचा एक तुकडा जोडून स्विव्हल वर न्यावं. इथेही जाड दोर घेतला तर वेटोळं थांबत नाही, फक्त तार तोडायला जास्त जोर मिळतो.

सगळे दोर कॉकपिटमध्ये आणावेत, म्हणजे पुढे डेकवर जायला नको, या मताला मी एवढंच म्हणेन की प्रत्येक वळणाला घर्षण लागतं. डोलकाठीच्या तळाशी एक वळण, डेकवर दुसरं, मग क्लच. शीड खाली येताना स्वतःच्या वजनाने यायला हवं, ते अडकतं. शीड लहान करायला तसंही डोलकाठीपाशी जावं लागणार असेल तर विंच तिथेच ठेवणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

मला नेहमी सुनावलं जातं की दक्षिण महासागरातल्या वादळात तुमची चाकं आणि गाठी काय कामाच्या. सप्टेंबर 2018 मध्ये टॉमींच्या 'थुरिया' या बोटीची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली आणि 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. तशा समुद्रापुढे कुठलंही शॅकल नाही, हे मान्य. पण त्यावरून रोजच्या झिजेकडे बघू नये असं कसं ठरतं? नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'वरून 2017-18 मध्ये 254 दिवसांची परिक्रमा केली; परतीच्या अखेरच्या टप्प्यात त्यांना ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर मॉरिशसला, पोर्ट लुईला थांबावं लागलं, सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला म्हणून. केप हॉर्नला वळसा घालून आलेल्या बोटीला थांबावं लागलं ते यंत्रणेच्या एका बिघाडाने. त्या थांबल्या, दुरुस्ती केली, मग घरी आल्या. 2024-25 मध्ये 'तारिणी'वरच दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच परिक्रमेला गेल्या आणि परतल्या. दोन माणसांच्या बोटीवर अडकलेलं हॅलियर्ड म्हणजे एकीला डोलकाठीवर चढणं आणि दुसरीला बोट, शिडं आणि ती, तिन्ही सांभाळणं.

आपल्या किनाऱ्यावर हे काम करायला निसर्गानेच वेळ दिलेला आहे. जून-जुलैत मच्छीमारांच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, शिडाच्या बोटीही बहुतेक बांधून ठेवलेल्या असतात. त्या महिन्यांत हॅलियर्ड वरच ठेवून देणं म्हणजे त्याला ऊन, पाऊस आणि डोलकाठीवर आपटणं विनाकारण सोसायला लावणं. त्याच्या टोकाला बारीक दोरी शिवून जोडायची, हॅलियर्ड ओढून पूर्ण बाहेर काढायचं, बारीक दोरी डोलकाठीत ठेवायची. दोर गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवायचा, मीठ गेलं की तो पुन्हा मऊ होतो. मग सगळा दोर हातातून सोडत जायचा: कुठे कडक लागतो, कुठे चपटा झालाय, कुठे आवरणाखाली गाभा सरकून पोकळ झालाय. नारळी पौर्णिमेच्या आधी परत ओवायचा.

आणि चार टनांच्या दोरावर जे जास्तीचे पैसे घालणार होतात ते दुसऱ्या हॅलियर्डवर घाला. पुढच्या शिडासाठी एक जादा, वेगळ्या चाकावरून जाणारं. बूमचं, म्हणजे मुख्य शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याचं, टोक उचलून धरणारा दोर एवढा जाड ठेवा की वेळ आली तर मुख्य शीडही त्याच्यावर चढवता येईल. कारण डोलकाठीवर कधी ना कधी माणूस चढणारच आहे, आणि तो याच दोरांवर लटकणार आहे, त्याच चाकावरच्या त्याच बोटभर जागेवर. त्याला वर ओढायच्या खुर्चीला शॅकल लावू नका, दोर थेट गाठीने बांधा. दुसरं हॅलियर्ड त्याच्या कमरेच्या पट्ट्याला वेगळं बांधा आणि खाली वेगळ्या माणसाच्या हाती द्या. दोघंच असाल तर तो दुसरा दोर खालच्या माणसाने दर मीटरला क्लचमध्ये अडकवत जावा. चढणाऱ्याला वर पाठवण्याआधी दोन्ही दोर पूर्ण खाली घ्या आणि पहिले दोन मीटर, तसंच प्रत्येक शिडाच्या वेळी चाकावर येणारी जागा, उजेडात धरून बघा.